टॉम ब्रेडीनं पेट्रियट्स का सोडलं? सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

नाशिकहून मॅसॅच्युसेट्समधे राहायला येऊन मला वीस वर्षं होऊन गेली. आले तेव्हा फुटबॉल म्हणजे पायानं खेळतात तो, एवढंच डोक्यात होतं. मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी मॅच बघायला बोलावलं आणि हळूहळू हा खेळ अंगात भिनला, आता आमच्या घरात रविवारी दुपारी एक वाजता कोणी फोन करत नाही. भारतातून भाचे विचारतात, इथं नवीन आलेल्या मैत्रिणी विचारतात, की वीस वर्षं पेट्रियट्स ह्या आमच्या बॉस्टनकडच्या टीममधे राहून सगळं जिंकून झाल्यावर त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी गेला का? दर वेळी वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

हा फुटबॉल नक्की कुठला, आणि क्वार्टरबॅक म्हणजे कोण?

अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्यांकडे. जवळजवळ प्रत्येक चाल सुरू होताना बॉल क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की कुणाकडे फेकू, पळणाऱ्याला देऊ की स्वतः वाचू, आणि तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला पाडायला धावत येत असतात. क्रिकेटमधला कॅप्टन, ओपनर आणि शेवटच्या ओव्हरला मॅच संपवणारा असे तिघं एकाच माणसात घातले तर थोडंफार लक्षात येईल. म्हणून चांगला क्वार्टरबॅक मिळाला की टीम त्याला सहसा सोडत नाही.

ब्रेडी एवढा मोठा कसा झाला?

२००० सालच्या ड्राफ्टमधे (टीम आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) त्याचं नाव १९९ व्या नंबरला आलं, सहाव्या राऊंडमधे. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले होते. सप्टेंबर २००१ मधे पेट्रियट्सचा मेन क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसोला जबर मार लागला, ब्रेडी आत आला आणि त्याच सीझनला सुपर बाउल, म्हणजे लीगची फायनल, जिंकून दिला. पेट्रियट्सकडून एकूण नऊ सुपर बाउल खेळला, सहा जिंकला. फेब्रुवारी २०१७ ची अटलांटाविरुद्धची मॅच ज्यांनी पाहिली नाही त्यांनी कुठूनही शोधून बघा, ३-२८ असे मागे होते तिथून ३४-२८ जिंकले, आमच्याकडे अर्धे पाहुणे हाफटाईमनंतर निघून गेले होते आणि नंतर गाडीतून फोन करत होते.

त्यानं कधी सोडलं?

१७ मार्च २०२०, मंगळवार, सेंट पॅट्रिक्स डे. बॉस्टनमधे हा मोठा सण, पण त्या वर्षी कोविडमुळे मिरवणूकच रद्द झाली होती. सकाळी ब्रेडीनं सोशल मीडियावर टाकलं की यापुढचा माझा फुटबॉलचा प्रवास दुसरीकडे असेल. आदल्या रात्री तो टीमचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांच्या घरी जाऊन सांगून आला होता, आणि तिथं डोळ्यात पाणी आलं हे त्यानं स्वतः नंतर सांगितलं. शाळा बंद झालेल्या, दुकानात टॉयलेट पेपर नाही, आठ दिवसांवर आलेला पाडव्याचा कार्यक्रम रद्द, आणि त्यात ही बातमी. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता, तो काही न बोलता खोलीत गेला आणि १२ नंबरची जर्सी घालून बाहेर आला.

पण मूळ कारण काय? एका वाक्यात सांगा ना.

त्याला ४५ व्या वर्षापर्यंत खेळायचं होतं आणि 'तोपर्यंत तू आमचा' असं त्याच्या घरातलं, म्हणजे पेट्रियट्समधलं, कुणी म्हणायला तयार नव्हतं.

माझ्या मते सगळं ह्यातच आलं, बाकीची कारणं ह्याच्याच फांद्या आहेत. लोक पैसा म्हणतात, भांडण म्हणतात, हवामान म्हणतात. पण तो गेली काही वर्षं उघड सांगत होता की मला पंचेचाळिशीपर्यंत खेळायचंय, त्यासाठी खाणंपिणं, झोप, मसाज सगळं आयुष्य त्यानं त्याभोवती बांधलं होतं, आणि त्याला टीमकडून दोन-तीन वर्षांचं पक्कं काँट्रॅक्ट हवं होतं. टीम एकेक वर्षाच्या हिशोबानं चालत होती. एखाद्या माणसानं वीस वर्षं घर चालवलं आणि दर वर्षी त्याला विचारलं की पुढच्या वर्षी राहणार का, बघू, ठरवू, तर तो वर्षभर घरात असतो पण मनानं एक पाय उंबऱ्याबाहेर असतो. ब्रेडीनं गेल्यानंतर एका रेडिओ मुलाखतीत सांगितलंच की २०१९ चा सीझन सुरू व्हायच्या आधीच हा इथला शेवटचा, असं त्याला जवळपास माहीत होतं.

मग कोच बिल बेलिचिकशी भांडण झालं होतं का?

आरडाओरडा, तोंडावर भांडण असं काही नाही. दोघं वीस वर्षं एकत्र होते आणि दोघांशिवाय सहा कप येणं शक्य नव्हतं. पण बेलिचिकची पद्धत समजून घ्या. तो कुणालाच वेगळी वागणूक देत नसे, मीटिंगमधे सगळ्यांसमोर ब्रेडीची चूक दाखवायचा, जसं नव्या पोराची दाखवायचा तशीच. पंचविशीत हे चालतं, उलट बरं वाटतं, आणि बाकीचे खेळाडू बघतात की ह्यालाही सूट नाही तर आपण कोण. चाळिशीत पाच-सहा कप घरात ठेवून तेच ऐकायचं म्हणजे वेगळं.

एप्रिल २०१८ मधे एका जाहीर मुलाखतीत ब्रेडीला विचारलं की क्राफ्ट आणि बेलिचिक तुझी कदर करतात असं तुला वाटतं का. त्यानं अमेरिकन कोर्टात उत्तर द्यायचं नसलं की जे म्हणतात ते म्हटलं, म्हणजे मी ह्यावर बोलणार नाही. लोक हसले. मला नाही हसू आलं. वर्षभरापूर्वी ३-२८ वरून टीमला वर आणणारा माणूस 'हो, करतात' एवढे दोन शब्द म्हणू शकला नाही.

आणि अजून एक, त्याचा ट्रेनर अ‍ॅलेक्स ग्युरेरो. ब्रेडीचा त्याच्यावर पूर्ण विश्वास, टीमच्या डॉक्टर-ट्रेनर मंडळींशी मात्र त्याचं जमत नव्हतं, आणि २०१७ च्या सीझनमधे बेलिचिकनं त्याचं साईडलाईनवर आणि टीमच्या विमानात येणं बंद केलं. कोचच्या बाजूनं बघितलं तर शिस्तीचा प्रश्न. ब्रेडीच्या बाजूनं बघितलं तर ज्याच्यामुळे मी चाळिशीत खेळतोय त्यालाच बाहेर काढलं.

जिमी गरोपलो कोण, त्याचं नाव नेहमी का निघतं?

२०१४ मधे पेट्रियट्सनं दुसऱ्या राऊंडला हा तरुण क्वार्टरबॅक घेतला. ब्रेडी तेव्हा ३६ वर्षांचा. बेलिचिकनं तेव्हाच सरळ सांगितलं होतं की टॉमचं वय आणि काँट्रॅक्ट आम्हाला माहीत आहे. चुकीचं काही बोलला नाही, कोणताही कोच हाच विचार करेल, भाकरी वेळेवर फिरवली नाही तर करपते. पण भाकरी करपलीच नाही! ब्रेडी त्यानंतर अजून चांगला खेळला, त्याच सीझनला सुपर बाउल, मग २०१६ चा, आणि चाळिशीत २०१७ सीझनचा सर्वोत्तम खेळाडू.

ऑक्टोबर २०१७ च्या शेवटी गरोपलोला सॅन फ्रान्सिस्कोला दिलं, बदल्यात ड्राफ्टमधे दुसऱ्या राऊंडला एक खेळाडू निवडायचा हक्क, बस. मालकानं ब्रेडीसाठी कोचला भाग पाडलं अशी मोठी बातमी जानेवारी २०१८ मधे आली, तिघांनी मिळून निवेदन काढून ती खोडली. खरंखोटं ते तिघं जाणोत. पण बाहेरून दिसलं ते एवढंच की वारसदार गेला आणि तरी ब्रेडीला लांबचं काँट्रॅक्ट काही मिळालं नाही. ज्याच्यासाठी जागा रिकामी ठेवली त्यालाच जागेची खात्री नाही, हे मला आजही समजलेलं नाही.

पैशासाठी गेला का?

नाही. पैशाचा संबंध आहे पण लोक म्हणतात त्या अर्थानं नाही.

ह्या लीगमधे प्रत्येक टीमला सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करता येईल ह्याला मर्यादा असते, त्याला सॅलरी कॅप म्हणतात, २०२० मधे ती १९ कोटी ८२ लाख डॉलर होती. एकानं जास्त घेतलं की बाकीच्यांना कमी उरतं. ब्रेडीनं वर्षानुवर्षं बाजारभावापेक्षा कमी घेतलं म्हणजे चांगले रिसिव्हर, म्हणजे पास पकडणारे, चांगले डिफेन्सवाले घेता येतील. २०१९ मधे सिअ‍ॅटलच्या रसेल विल्सनला वर्षाला साडेतीन कोटी डॉलरच्या सरासरीचं काँट्रॅक्ट मिळालं, त्याच वर्षी ब्रेडीचा पगार दीड कोटी ठरलेला होता, ऑगस्टमधे वाढवून २ कोटी ३० लाख केला.

आता ज्यानं घरासाठी कमी घेतलं तो एवढंच बघणार ना की माझ्या वाचवलेल्या पैशातून घरात आलं काय. तो गेला ती टीम म्हणजे फ्लोरिडातली टॅम्पा बे बकनियर्स, त्यांनी दिले दोन वर्षांचे ५ कोटी, पूर्ण गॅरंटीनं, वर बोनस. तेव्हाच्या वरच्या क्वार्टरबॅकच्या मानानं हे फार नाहीच. दोन वर्षं आणि गॅरंटी, हे दोन शब्द महत्त्वाचे होते.

२०१९ च्या सीझनमधे असं काय झालं?

हे नीट सांगते कारण की लोक फक्त १२ विजय, ४ पराभव असा आकडा बघतात आणि म्हणतात चांगलं तर चाललं होतं.

ग्रोंक, म्हणजे रॉब ग्रोंकाउस्की, ब्रेडीचा हक्काचा टाईट एंड (पास पकडणारा धिप्पाड खेळाडू), मार्च २०१९ मधे रिटायर झाला आणि त्याच्या जागी तसा कुणी आणला नाही. सेंटर, म्हणजे क्वार्टरबॅकच्या हातात बॉल देणारा, डेव्हिड अँड्र्यूजच्या फुप्फुसात रक्ताच्या गाठी निघाल्या, पूर्ण सीझन बाहेर. अँटोनियो ब्राऊनला सप्टेंबरमधे घेतलं, त्याच्यावर गंभीर आरोप झाले, एक मॅच खेळवून सोडलं. पहिल्या राऊंडमधे घेतलेला रिसिव्हर नकील हॅरी अर्धा सीझन दुखापतीत. उरला ज्युलियन एडेलमन, त्यानं १०० कॅच घेतले पण अंग सगळं ठेचलेलं. सुरुवातीचे आठच्या आठ सामने जिंकले खरे, पण ते डिफेन्सनं जिंकून दिले.

नोव्हेंबरमधे फिलाडेल्फियाला १७-१० हरवलं त्या दिवशीची पत्रकार परिषद मला आठवते. जिंकून आलेला माणूस आणि चेहरा असा जसा कुणाच्या तरी मयताला जाऊन आलाय. एकेका शब्दात उत्तरं. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

मग शेवटच्या आठवड्यात घरच्या मैदानावर मायामीकडून २४-२७ हार, त्यामुळे प्लेऑफमधला (बाद फेरीतला) आरामाचा आठवडा गेला, आणि ४ जानेवारी २०२० ला टेनेसीनं १३-२० नं घरी बसवलं. पेट्रियट्ससाठी ब्रेडीचा शेवटचा पास समोरच्या टेनेसीच्या लोगन रायननं पकडला आणि सरळ टचडाऊन केला, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला. लोगन रायन जुना पेट्रियट्सवालाच. वीस वर्षांचा शेवट ह्या एका बॉलवर व्हावा ह्याचं फार वाईट वाटलं.

आणि हो, बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमधलं घर त्यानं ऑगस्ट २०१९ मधेच विकायला काढलं होतं. घर विकायला काढणारा माणूस काय ठरवून बसलाय हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

टीमनं त्याला अडवलं का नाही?

अडवता येत नव्हतं. एरवी काँट्रॅक्ट संपलं तरी टीम एका खेळाडूला फ्रँचाईज टॅग लावून अजून एक वर्ष ठेवू शकते. पण ऑगस्ट २०१९ च्या करारात ब्रेडीनं लिहून घेतलं होतं की मला टॅग लावायचा नाही, आणि करार कागदावर २०२१ पर्यंत दिसत असला तरी पुढची वर्षं आपोआप रद्द होणार. म्हणजे दार उघडं ठेवायचं हे दोन्ही बाजूंनी सही करून ठरवलेलं होतं. म्हणून मार्चमधे धक्का बसला असं टीम म्हणूच शकत नाही. क्राफ्ट नंतर म्हणाले की त्याला राहायचं असतं तर आम्ही मार्ग काढला असता. असेलही. पण मार्ग काढायला मधे सात महिने होते.

सगळं सोडून टॅम्पाच का? तिथं तर काहीच नव्हतं.

नाव नव्हतं, सामान होतं. बकनियर्स २००७ नंतर प्लेऑफमधे गेले नव्हते, त्यामुळे लोकांना वेड्यासारखं वाटलं. पण आत बघा: माईक एव्हन्स आणि ख्रिस गॉडविन असे दोन तगडे रिसिव्हर, वर येणारा डिफेन्स, आणि आधीचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टन २०१९ मधे ३३ टचडाऊन फेकून ३० वेळा समोरच्यांच्या हातात बॉल देत होता. म्हणजे जेवण तयार, फक्त करपवणारा बदलायचा होता. कोच ब्रूस एरियन्स मोकळा माणूस, लांब पास फेका म्हणणारा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्यांना तो हवा होता, मनापासून हवा होता, तसं त्यांनी दाखवलं. गॉडविननं स्वतःचा १२ नंबर त्याला दिला. एप्रिलमधे ग्रोंक रिटायरमेंट सोडून आला.

लॉस एंजेलिस चार्जर्सही त्याच्या मागे लागले होते. आणि त्याचं स्वतःचं लहानपणचं गाव सॅन मटेओ, तिथली टीम सॅन फ्रान्सिस्को, तिकडे जायचीही इच्छा होती असं बोललं गेलं, पण त्यांनी आपला आहे तोच क्वार्टरबॅक ठेवला, आणि तो क्वार्टरबॅक म्हणजे गरोपलोच. मोठा मुलगा तेव्हा न्यूयॉर्कला असायचा, म्हणून पूर्व किनाराच बरा, हेही एक.

फ्लोरिडात इन्कम टॅक्स नाही म्हणून गेला म्हणतात.

राज्याचा नाही हे खरं. फायदा झालाच असणार. पण ह्यासाठी जाणारा माणूस आधीची पंधरा वर्षं कमी पगार घेत नाही बसणार.

आमच्या ग्रुपवर एक जण त्याला गद्दार म्हणतो, तुम्हाला काय वाटतं?

मला हा शब्द आवडत नाही. करार पूर्ण केला, शेवटचा बॉल खेळला, मालकाच्या घरी जाऊन तोंडावर सांगितलं, मग जगाला सांगितलं. ह्यापेक्षा सरळ कसं निघायचं? आणि बेलिचिकनं विनातिएरीला जाऊ दिलं, सीमोरला, मॅन्किन्सला, वेल्करला, असे एकेक गाजलेले खेळाडू जाऊ दिले, तेव्हा कुणी टीमला गद्दार म्हटलं नाही, म्हटलं की हा धंदा आहे. मग धंदा दोन्हीकडून असतो.

क्राफ्ट कुटुंबानं त्या मार्चमधे टॅम्पाच्या पेपरात पानभर जाहिरात देऊन ब्रेडीचे आभार मानले. आपल्या मुलीला सासरी पाठवताना तिकडच्यांना सांभाळा म्हणतात ना, मला तसंच वाटलं ते बघून.

मग बेलिचिक चुकला का?

ह्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. नवरा म्हणतो ४२ वर्षांच्या क्वार्टरबॅकला दोन-तीन वर्षांची गॅरंटी द्यायची हिंमत सहसा कुणाला होत नाही, आणि ह्याच थंड डोक्यामुळे सहा कप आले, एखादं वर्ष आधी सोडलेलं बरं पण एक वर्ष उशीर नको, हे त्याचं सूत्र. बरोबर आहे. त्या वर्षी टीमकडे पैसाही फार नव्हता, ब्रेडी गेल्यावरसुद्धा त्याच्या जुन्या कराराचे १ कोटी ३५ लाख डॉलर कॅपमधे अडकले होते.

पण निकाल काय लागला तो लागला. ७ फेब्रुवारी २०२१, टॅम्पा ३१, कॅन्सस सिटी ९. तेही टॅम्पाच्याच मैदानावर, घरच्या मैदानावर सुपर बाउल खेळून जिंकणारी ती पहिली टीम. ब्रेडी ४३ वर्षांचा, मॅचचा मानकरी, पहिले दोन टचडाऊन ग्रोंकला. इकडे पेट्रियट्स कॅम न्यूटन ह्या नव्या क्वार्टरबॅकला घेऊन ७ विजय, ९ पराभव. ब्रेडीशिवायच्या चार सीझनमधे इथं बेलिचिकचे २९ विजय आणि ३८ पराभव, आणि जानेवारी २०२४ मधे तोही गेला.

मी त्याला चुकला म्हणणार नाही, वयाचा हिशोब त्यानं बरोबर केला होता. ह्या एका माणसाला तो हिशोब लागू नव्हता, आणि हे ओळखायला त्याच्याइतकी चांगली जागा जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हती, वीस वर्षं रोज तो समोर बसत होता.

परत आला तेव्हा लोकांनी हुर्यो केली का?

३ ऑक्टोबर २०२१, पेट्रियट्सचं फॉक्सबरोचं मैदान, रात्रीची मॅच, पाऊस. वॉर्मअपला पळत आला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं. मॅच सुरू झाल्यावर मात्र आरडाओरडा केलाच, करायलाच हवा, समोरची टीम आहे. त्याच रात्री त्यानं ड्रू ब्रीस ह्या दुसऱ्या क्वार्टरबॅकचा, पास फेकून मिळवलेल्या एकूण यार्डांचा रेकॉर्ड मोडला. टॅम्पा १९-१७ जिंकले, शेवटी आमच्या निक फोकची ५६ यार्डांची किक खांबावर आपटून गेली. मग बेलिचिक पाहुण्यांच्या लॉकर रूममधे गेला आणि वीस मिनिटांच्या वर दोघं बोलत बसले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगूही नये.

शेवटी तो ४५ पर्यंत खेळला का?

खेळला. फेब्रुवारी २०२२ मधे रिटायर झाला, चाळीस दिवसांत परत आला, २०२२ चा सीझन पंचेचाळिसाव्या वर्षी पूर्ण केला आणि १ फेब्रुवारी २०२३ ला थांबला. जे म्हणाला होता ते केलं, फक्त दुसऱ्या रंगाच्या कपड्यात.

पेट्रियट्सची १२ नंबरची जर्सी आता घातली तर चालेल का?

अहो बिनधास्त घाला. १२ जून २०२४ ला गिलेट स्टेडियमवर मोठा कार्यक्रम केला, क्राफ्ट यांनी जाहीर केलं की हा नंबर इथं पुन्हा कुणी घालणार नाही. बेलिचिकही आला होता, आणि ब्रेडीनं सगळ्यांसमोर त्याच्याकडे बघून सांगितलं की हे तुझं एकट्याचं नाही, माझं एकट्याचं नाही, आपलं होतं. माझा मुलगा आता माझ्यापेक्षा उंच झालाय, ती जुनी जर्सी त्याला छातीत बसत नाही, तरी कपाटातून काढू देत नाही.